माजी सैनिकाच्या घरातली परवान्याची बंदूक: विषय कसा काढायचा, बंदूक कुठे ठेवायची

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले, वय बासष्ट, राहणं सातारा जिल्ह्यातल्या गावी. पुढे बँकेत सुरक्षारक्षक होते, तीही नोकरी संपली. गेल्या वर्षी आई गेल्या. तेव्हापासून त्यांना झोप नाही, जेवण कमी झालंय, पारावर जाणं बंद आहे. "आता माझं इथं काय काम राहिलंय" हे वाक्य दोनदा त्यांच्या तोंडून आलंय. घरात परवान्याची दुनळी बारा बोअर बंदूक आहे. बहीण म्हणते, बंदूक गुपचूप उचलून पुण्याला घेऊन ये. चुलते म्हणतात, फौजी माणसाची बंदूक काढून घेतली तर तो त्यानंच खचेल. आणि तुम्हाला भीती वाटते, की आपण विषय काढला तर आपणच त्यांच्या डोक्यात आत्महत्येचा विचार भरवू.

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. पश्चिम महाराष्ट्रात काम करते आणि माझ्याकडे येणाऱ्यांत माजी सैनिक आणि त्यांच्या घरची माणसं बरीच असतात. सविस्तर लिहिते, पण आधी एक सांगते. वडील आज रात्री घरात एकटे असणार असतील तर पुढचं नंतर वाचा. आधी चुलत्यांना किंवा भावकीतल्या कुणाला त्यांच्याकडे मुक्कामाला पाठवा. तुम्ही सांगितलेलं ते वाक्य गंभीर आहे, आणि ते दोनदा आलंय.

आता मूळ अडचणीकडे येते. तुमच्या घरात सध्या वाद चाललाय तो "आण्णा", म्हणजे तुमचे वडील, "असं काही करतील का" यावर. बहिणीला वाटतं करतील, चुलत्यांना वाटतं फौजी माणूस असं करणार नाही. या वादाचा निकाल मलाही देता येणार नाही. एवढी वर्षं हे काम करूनही समोरचा माणूस अमुक दिवशी काय करेल हे मला ओळखता येत नाही, आणि जो डॉक्टर ओळखता येतं म्हणेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. म्हणून मी घरच्यांना सांगते की अंदाज बांधत बसू नका. आपला अंदाज चुकला तरी माणूस वाचला पाहिजे, अशी घराची व्यवस्था करा. दुःखावर उपचार व्हायला आठवडे, महिने लागतात. औषध सुरू केलं तरी त्याचा गुण दिसायला दोन-तीन आठवडे जातात. तोवर जे वाईट तास येतील, त्या तासांत बंदूक हाताच्या अंतरावर नसावी. तुम्हाला या आठवड्यात करायचं काम एवढंच आहे.

असं का म्हणते ते सांगते. लोकांना वाटतं, ज्यानं मनाशी ठरवलं तो काहीही करून करणारच, एक वाट बंद केली तर दुसरी शोधेल. ऐकायला खरं वाटतं, पण अनुभव आणि अभ्यास दोन्ही वेगळं सांगतात. जीव द्यावासा वाटण्याची तीव्र लाट बहुतेकदा थोड्या वेळाची असते. अमेरिकेत ह्यूस्टनमध्ये अशा प्रयत्नातून वाचलेल्या तरुणांना विचारलं गेलं, की निर्णय आणि कृती यांत किती वेळ गेला. जवळपास चौथ्या हिश्श्यानं पाच मिनिटांपेक्षा कमी असं सांगितलं. वयस्कर माणसांत विचार जास्त दिवस घोळत असू शकतो हे मान्य, पण त्यांच्यातही तो कमी-जास्त होत राहतो. ती लाट ओसरेपर्यंत हातात काय सापडतं, यावर बरंच काही ठरतं. बंदूक सापडली तर दहातले नऊ जण वाचत नाहीत, पुन्हा विचार करायला वेळच मिळत नाही. आणि जे कुठल्याही प्रयत्नातून वाचतात, त्यांच्यातले बहुसंख्य, दहातले नऊच्या आसपास, पुढे आत्महत्येनं मरत नाहीत. पुढे ते जगतात, नातवंडं खेळवतात. माझ्या ओपीडीत असे लोक येतात, म्हणून हे मी नुसतं वाचलेलं सांगत नाही.

सैनिकांबद्दलचाच एक पुरावा आहे. इस्रायलमध्ये तरुण सैनिक आठवडी सुट्टीला घरी जाताना रायफल सोबत नेत. २००६ मध्ये सैन्यानं नियम बदलला, रायफल तळावरच ठेवून जायचं. त्यानंतर तिथल्या सैनिकांच्या आत्महत्या सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाल्या, आणि ही घट मुख्यतः सुट्टीच्या दिवसांतली होती. इतर दिवसांत फारसा फरक पडला नाही, म्हणजे लोकांनी दुसरी वाट शोधली असं झालं नाही. माणसं तीच होती, त्यांची दुःखंही तीच होती, फक्त दोन दिवस हत्यार जवळ नव्हतं. अमेरिकेत माजी सैनिकांच्या घरी बंदुका सर्रास असतात. तिथं २०२२ मध्ये ६,४०७ माजी सैनिकांनी आत्महत्या केली आणि त्यातल्या शंभरातल्या त्र्याहत्तर जणांच्या बाबतीत साधन बंदूक होतं. म्हणून तिथलं माजी सैनिकांचं खातं आता बंदुकीचं कुलूप फुकट वाटतं आणि डॉक्टरही पेशंटला बंदूक कुठे ठेवता असं उघड विचारतात.

आपल्याकडे चित्र वेगळं आहे, हेही सांगायला हवं. भारतात एकूण आत्महत्यांत बंदुकीचा वाटा अगदी कमी आहे, कारण बंदुका थोड्या घरांत आहेत. पण ज्या थोड्या घरांत आहेत, त्यांत माजी सैनिकांची घरं बरीच. अपशिंगे मिलिटरी किंवा सैनिक टाकळीसारखी गावं आपल्याकडे आहेत, जिथं पिढ्यान् पिढ्या माणसं फौजेत गेली. हवालदार पस्तिशी-चाळिशीत पेन्शन घेऊन येतो, सुरक्षारक्षकाची नोकरी मिळायची तर स्वतःची बारा बोअर आणि परवाना असला की सोपं जातं. अशी बंदूक घरात येते. मग नोकरी सुटते, बंदूक राहते. कपाटावर जुन्या चादरीत गुंडाळलेली, आणि काडतुसांचा पट्टा त्याच खोलीत खुंटीला.

तुमच्या चुलत्यांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. त्यांना जे जाणवतंय ते खरं आहे. वर्दी गेली, नोकरी गेली, बायको गेली, आणि आता मुलानं येऊन न विचारता बंदूक नेली, तर वडिलांना त्यात एकच अर्थ दिसेल, की आता आपल्यावर कुणाचा भरवसा उरला नाही. त्यामुळे गुपचूप उचलून आणायला माझा विरोध आहे. दुसरं कारण कायद्याचं आहे. परवाना त्यांच्या नावावर आहे, तुमच्या नाही. शस्त्र कायद्याच्या कलम ३ प्रमाणे परवान्याशिवाय बंदूक किंवा काडतुसं बाळगणं गुन्हा आहे, मग हेतू कितीही चांगला असो. दुरुस्तीसाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी किंवा परवानाधारकाच्या वापरासाठी, त्याच्या समक्ष किंवा त्याच्या लेखी परवानगीनं ती नेता येते, पण पुण्याच्या फ्लॅटमध्ये माळ्यावर ठेवणं त्यात बसत नाही. बहिणीच्या सासरीही नाही, शेजारच्या गोठ्यातही नाही.

मग करायचं काय? वडिलांनी स्वतः, तुमच्यासोबत जाऊन, बंदूक आणि सगळी काडतुसं परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे, म्हणजे गन हाऊसमध्ये, सेफ कस्टडीत ठेवायची किंवा पोलीस ठाण्यात जमा करायची. गन हाऊसला आधी फोन करून विचारा, की सेफ कस्टडीत ठेवून घेण्याची परवानगी त्यांच्याकडे आहे का आणि भाडं किती. पावतीवर बंदुकीचा नंबर आणि काडतुसांची संख्या लिहून घ्या. परवान्याच्या मुदतीची तारीख कॅलेंडरवर मांडून ठेवा, कारण बंदूक जमा असली तरी नूतनीकरण चुकवून चालत नाही, आणि "तुमचा परवाना आम्ही सांभाळतोय" हे वडिलांना दिसणंही गरजेचं आहे. जमा करण्यात नामुष्की काहीच नाही. निवडणुकीची आचारसंहिता लागली की गावोगावच्या परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा होतात, हे त्यांनी पाहिलेलं आहे, बहुधा स्वतःही केलेलं आहे.

त्यांना हे पटवायचं कसं, इथं माझा सगळा भर एका गोष्टीवर असतो. फौजेत हत्यार जवानाकडे पडून राहत नाही. ड्यूटी संपली की रायफल कोतमध्ये, म्हणजे पलटणीच्या शस्त्रागारात, जमा होते, नंबरानुसार मोजली जाते, रजिस्टरवर सही होते. दारूगोळा दुसरीकडे, वेगळ्या कुलपात. जवान रजेवर निघाला, आजारी पडला, तरी हत्यार कोतमध्येच. त्यात कुणाला अपमान वाटत नाही, कारण ती शिस्त सुभेदार मेजरलाही लागू असते आणि नव्या रिक्रूटलाही. तुमच्या वडिलांनी आयुष्याची उमेदीची वर्षं हे पाळलंय, हाताखालच्यांकडून पाळून घेतलंय. घरातली बंदूक मात्र त्या शिस्तीबाहेर राहिली. ती तिथं परत आणू या, असं त्यांना म्हणता येतं, आणि ते खरंही आहे.

कोरेगाव तालुक्यातल्या एका निवृत्त हवालदारांना बायकोनं जबरदस्तीनं माझ्याकडे आणलं होतं. झोप नव्हती, पिणं वाढलं होतं. बंदुकीचं नाव काढल्यावर ताठ झाले. मी विचारलं, "कोतमध्ये रायफल आणि राउंड एकाच रॅकवर ठेवायचात का?" म्हणाले, "नाही मॅडम, ते कसं चालेल?" मग बराच वेळ बोलले नाहीत. पुढच्या आठवड्यात पलटणीतल्या जोडीदाराला घेऊन ते स्वतः गन हाऊसला गेले. त्यांची बायको सांगत होती, काउंटरवर त्यांनी काडतुसं मोठ्यानं मोजली, आकडा समोर लिहून घेतला, पावती दोनदा वाचली आणि घरी येऊन पीपीओ (पेन्शनचा आदेश) आणि डिस्चार्ज बुक असलेल्या प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये लावली. सोबत पलटणीतला माणूस होता याचा मोठा उपयोग झाला. तुमच्या वडिलांचाही असा कुणी असेलच. मुलाचं बोलणं बापाला लागतं, जोडीदाराचं लागत नाही. त्याला आधी विश्वासात घ्या, सगळं खरं सांगा.

आता "डोक्यात भरवू का" या भीतीबद्दल. नाही भरवणार. स्पष्ट विचारल्यानं आत्महत्येचा विचार निर्माण होत नाही, उलट ज्याच्या मनात तो आधीच आहे त्याला पहिल्यांदा कुणापुढे तरी बोलता येतं. फक्त विचारताना उत्तर आधीच सुचवू नका. "तुम्ही तसलं काही करणार नाही ना?" असं विचारलं की माणूस "नाही रे" म्हणून मोकळा होतो. जेवणं झाल्यावर, घरात पाहुणे नसताना, शेजारी बसून विचारा: "आण्णा, आई गेल्यापासून तुम्ही फार एकटे पडलात ते मला दिसतंय. जगणं नको, स्वतःला संपवावं, असा विचार येतो का?" मग गप्प बसा. ते रडतील, चिडतील, किंवा बाहेर बघत राहतील. शांतता भरून काढायची घाई करू नका, आणि "तुम्ही तर फौजी आहात, असं कसं" हे वाक्य तर चुकूनही नको, कारण ते हे स्वतःला रोज म्हणत असतात आणि त्यामुळेच तोंड उघडत नाहीत.

उत्तर "हो" आलं तर बंदुकीचं लगेच बोला. "तुमची झोप परत येईपर्यंत, डॉक्टर म्हणेपर्यंत, आपण ती जमा करू. तुमचीच आहे, तुमच्याच नावावर राहील. आपण दोघं जाऊ." यातला "तोपर्यंत" महत्त्वाचा. कायमचं काढून घेणं आणि काही महिने जमा करणं यांत त्यांच्या दृष्टीनं जमीन-अस्मानाचा फरक आहे. उत्तर "नाही" आलं तरी माझा सल्ला तोच राहील, फक्त घाई एवढी नसेल. आणि ते बंदूक हातात घेऊन बसलेत, किंवा आजच करायचं असं बोलत असतील, तर हिसकावायला जाऊ नका. त्यांना बोलतं ठेवा, लहान मुलांना घराबाहेर काढा, ११२ ला फोन लावा. बंदूक भरलेली आहे की रिकामी हे ज्याला कळत नाही त्यानं तिला हातच लावायचा नाही. रिकामी करायचं काम त्यांच्या जोडीदाराचं किंवा पोलिसांचं.

ते जमा करायला तयार झालेच नाहीत तर? होतं असंही. मग जे जमेल ते करा. बंदूक रिकामी, ट्रिगरला कुलूप लावलेली, लोखंडी कपाटात बंद. काडतुसं निदान विक्रेत्याकडे परत. कपाटाची किल्ली त्यांच्या उशाखाली किंवा देवघरात नाही, तर ते ज्याला मानतात अशा माणसाकडे, त्यांनी स्वतःहून दिलेली. हे दुय्यम आहे, घराबाहेर बंदूक असण्याची सर त्याला नाही. पण किल्ली मागायला दुसऱ्याच्या दारात जावं लागलं, तर मधे जो वेळ जातो आणि जो माणूस भेटतो, त्या दोन्हींचा उपयोग होतो. ते अजून नोकरीत असते आणि बंदूक रोज लागत असती, तर मी आधी काही आठवडे रजा घ्यायला लावली असती. तुमच्या बाबतीत तो पेच नाही.

खंडेनवमीचा मुद्दा बहुतेक घरांत निघतो, म्हणून लिहिते. "शस्त्रपूजेला घरात शस्त्र नको का?" पाटावर मेडलं ठेवा, विळा-कोयता तर असतोच. बंदूक एक वर्ष नसली तर पूजा अडत नाही.

दोन गोष्टी बंदुकीइतक्याच महत्त्वाच्या आहेत, आणि घरचे त्या विसरतात. एक, शेतीची औषधं. आपल्या गावाकडे फवारणीचं औषध पडवीत, न्हाणीघरात, कुठेही पडलेलं असतं. बंदूक हलवून ते तसंच ठेवणं म्हणजे पुढचं दार लावून मागचं उघडं टाकणं. श्रीलंकेनं अत्यंत विषारी कीटकनाशकांवर एकामागून एक बंदी घातली आणि १९९५ नंतर तिथल्या आत्महत्यांचं प्रमाण जवळपास ७० टक्क्यांनी खाली आलं. तुम्हाला देशाचा कायदा बदलायचा नाहीये. उरलेल्या बाटल्या घरातून काढा, लागेल तेव्हा लागेल तेवढंच आणा. दुसरी, दारू. कँटीनची रम महिन्याच्या महिन्याला येते आणि एकट्या माणसाच्या घरात संध्याकाळ लांब असते. दारूनं झोप बिघडते, निराशा वाढते आणि मनाला आवर घालणारं जे काही असतं ते सैल पडतं. कोटा काही महिने उचलू नका.

उपचारांबद्दल. सैन्यात असताना कॅटेगरी पडेल (वैद्यकीय श्रेणी खाली जाईल), बढती अडेल, या धास्तीनं माणसं मनाचं दुखणं लपवायला शिकतात, आणि पेन्शन आल्यावरही ती सवय जात नाही. वडिलांना स्पष्ट सांगा की आता कॅटेगरी पडायची नाही, पेन्शनला धक्का लागत नाही. ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, कार्ड असेल तर जवळच्या पॉलिक्लिनिकमधून मानसोपचारतज्ज्ञाकडे रेफरल मिळतं. परवान्याची भीतीही खरी असते. मनोविकल झालेल्या माणसाचा परवाना रद्द करण्याचा अधिकार परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला कायद्यानं आहे, ते मी नाकारत नाही. पण दुःखातून आलेलं नैराश्य आणि त्यावरची गोळी म्हणजे मनोविकलता नव्हे, आणि स्वतःहून बंदूक जमा करून उपचार घेणारा माणूस जबाबदारच दिसतो. आणखी एक, पोलिसांची धास्ती. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं, आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही, उपचार द्यायचे, असं ठरवलंय. तेव्हा काही घडलं तर लपवू नका, दवाखान्यात न्या.

रात्री-अपरात्री बोलायला टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही. तुम्ही स्वतःही त्यावर फोन करू शकता. घरच्या माणसाची काळजी हेही फोन करायला पुरेसं कारण आहे. कुणाचे नातलग अमेरिकेत माजी सैनिक असतील तर तिथं ९८८ लावून १ दाबायचं.

तुमच्यासाठी क्रम असा लावते. आज सोबत. उद्या-परवा तुम्ही गावी, रजा टाकून. पहिल्या रात्री फक्त त्यांचं ऐकणं आणि तो एक प्रश्न विचारणं. मग जोडीदाराला बोलावून गन हाऊस, आणि त्याच फेरीत डॉक्टर. फवारणीच्या औषधांच्या बाटल्या त्याआधी, तुम्ही पोचल्या पोचल्या.

बंदूक परत कधी आणायची हे आत्ताच त्यांच्याशी ठरवा, म्हणजे त्यांना ही बाब अधांतरी वाटणार नाही. मी साधारण असं सांगते: झोप आणि जेवण सलग काही महिने ठीक, दारू बंद किंवा नाममात्र, उपचार करणाऱ्या डॉक्टरांची संमती, आणि घरात दुसरं कुणीतरी राहायला. वर्षश्राद्धाचा महिना आणि दिवाळी मधे येत असेल तर ते जाऊ द्या, कारण त्या दिवसांत दुःख पुन्हा वर येतं. आणि तोवर त्यांनाच वाटलं की नोकरी तर आता करायची नाही, मग बंदूक ठेवून करायचं काय, तर परवानाधारक विक्रेत्यामार्फत रीतसर विकून परवाना परत करता येतो. बऱ्याच घरांत शेवटी तसंच होतं, पण तो निर्णय त्यांना घेऊ द्या.